बीड आणि पाणी : ओतीव लोखंडाची ताकद, ठिसूळपणा आणि जुन्नर-आंबेगावची पाणयंत्रे

बीड म्हणजे ओतीव लोखंड. लोखंडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन आणि एक ते तीन टक्के सिलिकॉन असले की त्याचा वितळणबिंदू खूप खाली येतो. शुद्ध लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते, तर ४.३ टक्के कार्बनचे मिश्रण १,१५० अंशांच्या आसपासच पातळ होते. एवढी उष्णता कोकवर चालणाऱ्या साध्या क्युपोला भट्टीत मिळते. बिडाचा रस वाळूच्या साच्यात बारीक कोपऱ्यांपर्यंत शिरतो आणि घडणावळीने जमणार नाहीत असे वाकडेतिकडे, आतून पोकळ आकार एका ओतकामात तयार होतात. पाण्याचा पंप हा असाच एक आकार. त्यामुळे शेतीच्या पाण्याशी बिडाचे नाते पहिल्यापासून आहे.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके या नात्याचा अभ्यास करण्यासाठी जणू मुद्दाम मांडून ठेवले आहेत. कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड या नद्या सह्याद्रीच्या धारेवर उगम पावून इथून पूर्वेला वाहतात. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणे या दोन तालुक्यांत आहेत. डिंभ्याच्या जलाशयात मूळ आंबेगाव हे गावच गेले. तालुक्याचे नाव तेवढे राहिले आणि कारभार घोडेगावातून चालतो. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या पश्चिमेच्या पट्ट्यात वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर चाळीस-पन्नास किलोमीटर पूर्वेला बेल्ह्याकडे तो पाच-सहाशे मिलिमीटरवर येतो. एवढ्या कमी अंतरात पाण्याचे प्रमाणच नव्हे, तर त्याचा गुणही बदलतो. या टापूत विहिरीवर, नदीकाठी आणि जलाशयाच्या कडेला बसलेल्या पंपांची बॉडी, इम्पेलर आणि फूटव्हॉल्व्ह बहुधा बिडाचे असतात. जुन्या ऑइल इंजिनांचे ब्लॉक व हेड, गुऱ्हाळाचा चरक, गावच्या नळयोजनेतले जुने सीआय (कास्ट आयर्न) पाइप आणि घरातला बिडाचा तवा हीदेखील बिडाचीच कुळी.

पाण्यात राहून बीड कमजोर होते का आणि अधिक ठिसूळ होते का, हे दोन प्रश्न सहसा एका दमात विचारले जातात. ते वेगळे ठेवले पाहिजेत, कारण दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत.

ठिसूळपणा हा बिडाचा जन्मजात गुण आहे. रस थिजताना जास्तीचा कार्बन लोखंडातून बाहेर पडतो आणि ग्राफाइटच्या पातळ, वाकड्या चकत्यांच्या रूपात धातूभर पसरतो. वजनाने हे ग्राफाइट जेमतेम तीन टक्के. पण ते लोखंडाच्या मानाने फार हलके असल्याने आकारमानाने धातूचा दहावा हिस्सा व्यापते. तुटलेल्या बिडाचा करडा रंग त्याचाच, म्हणून याला करडे बीड म्हणतात. ग्राफाइटला स्वतःची ताकद जवळजवळ नाही, त्यामुळे प्रत्येक चकती म्हणजे धातूच्या पोटात आधीच पडलेली एक बारीक चीर ठरते. ताण आला की तो चकतीच्या टोकाशी एकवटतो, एका चकतीपासून दुसरीपर्यंत तडा धावतो आणि तुकडा न वाकता, न लांबता तुटतो. करडे बीड तुटण्यापूर्वी एक टक्काही लांबत नाही. दाबाखाली मात्र चिरा मिटतात, म्हणून त्याचे दाबबळ ताणबळाच्या तीन ते चार पट असते. भारतीय मानक २१० मध्ये करड्या बिडाच्या प्रती एफजी १५० पासून एफजी ४०० पर्यंत दिलेल्या आहेत. हा आकडा म्हणजे चाचणीच्या कांबीचे किमान ताणबळ, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. पंपाच्या बॉडीसाठी सर्वसाधारणपणे एफजी २०० वापरतात.

एवढे लक्षात घेतले की ठिसूळपणाच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. चांगल्या करड्या बिडाचा तुकडा पाण्यात भिजवून ताणला किंवा कोरडा ताणला, तरी तो जवळपास सारख्याच भाराला तुटतो. मुळात जो धातू लांबतच नाही, त्याची लांबण पाणी आणखी कितीशी कमी करणार? भिजल्याने बीड ठिसूळ होते ही समजूत या अर्थाने खरी नाही.

मात्र बिडाच्याच कुळातल्या एका नव्या भावंडाला ही सूट नाही. वितळलेल्या बिडात थोडे मॅग्नेशियम घातले की ग्राफाइट चकत्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात बाहेर पडते. गोळीला टोक नसते, त्यामुळे ताण एकवटत नाही आणि बीड वाकू, लांबू लागते. ब्रिटनमध्ये हेन्टन मोरो यांनी सिरियम वापरून आणि अमेरिकेत कीथ मिलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅग्नेशियम वापरून १९४०च्या दशकात ही किमया साधली. कारखान्यांत याला एसजी आयर्न आणि नळांच्या धंद्यात डीआय म्हणतात. या बिडाला विशिष्ट उष्णतोपचार देऊन फार बळकट केले, तर एक विचित्र गोष्ट दिसते. नमुना ताणत असताना त्याचा पृष्ठभाग नुसता ओला असला तरी ताणबळ लक्षणीय घटते आणि लांबण निम्म्याहून खाली येते. तोच नमुना वाळवला की गेलेली ताकद परत येते. गंज चढायला वेळच मिळालेला नसतो, म्हणजे हा गंजाचा परिणाम नव्हे. ताणाखाली उघड्या पडणाऱ्या ताज्या धातूशी पाण्याची क्रिया होऊन सुटणारा हायड्रोजन तड्याच्या टोकाशी धातूत शिरतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. पाणी बिडाला खरोखर ठिसूळ करते ते इथे, आणि तेही मुळात लवचीक असलेल्या बिडाला.

करड्या बिडाची हानी वेगळ्या वाटेने होते. ती सावकाश होते, आणि तिचा खरा धोका असा की ती डोळ्यांना दिसत नाही. पोलाद गंजते तेव्हा पापुद्रे सुटतात, पत्रा पातळ होतो, भोक पडते; झीज समोर दिसते. बीड पाण्यात राहिले की त्यातले लोखंड विरघळून जाते, पण ग्राफाइटच्या चकत्यांचे जाळे जागच्या जागी राहते. ग्राफाइट, गंजाचे अवशेष आणि फॉस्फरसयुक्त संयुगे यांनी मिळून मूळ आकार धरून ठेवलेला असतो. पंपाची गोलाई तीच, ओतकामातली अक्षरे तीच, बोल्टाची भोकेही तीच असतात. चाकूचे टोक टेकवले की मात्र ते पेन्सिलीच्या शिशात शिरावे तसे आत जाते. या क्रियेला ग्राफाइटी क्षरण म्हणतात. एकाच तुकड्यात लोखंड आणि ग्राफाइट शेजारी असल्याने तिथे नैसर्गिक विद्युत्घट तयार होतो. ग्राफाइट कॅथोडचे काम करते, लोखंड अ‍ॅनोड होऊन झिजते, आणि पाणी हा त्या दोघांमधला विद्युत् अपघट्य द्रव.

ही गोष्ट जुन्या माहितीतली आहे. आयर्लंडचे अभियंते रॉबर्ट मॅलेट यांनी १८३८ ते १८४३ या काळात ब्रिटिश असोसिएशनला समुद्राच्या आणि नदीच्या पाण्याचा ओतीव व घडीव लोखंडावर होणारा परिणाम यावर अहवाल सादर केले. समुद्रातून वर काढलेले बिडाचे जुने तोफगोळे हवेत येताच गरम होत असल्याचे अनुभवही नोंदले गेले. आत उरलेल्या बारीक, क्रियाशील अवशेषांना एकदम ऑक्सिजन मिळाल्याचा हा परिणाम. पुढचा मोठा टप्पा नेदरलँड्समध्ये आला. ओल्या, हवा न पोहोचणाऱ्या मातीत ऑक्सिजन नसतानाही बिडाचे नळ का सडतात, हा प्रश्न तिथे तीव्र होता. फॉन वोल्झोगेन क्युर आणि फान डर फ्लुख्त यांनी १९३४ मध्ये दाखवले की सल्फेटवर जगणारे जीवाणू ही क्रिया ऑक्सिजनशिवाय पुढे रेटतात. अशा नळावरचा काळा थर आणि कुजक्या अंड्यासारखा वास हे त्यांचे चिन्ह आहे.

ताकद किती घटते, याचा हिशेब मांडता येतो. समजा बिडाच्या एका भिंतीची जाडी ८ मिलिमीटर आहे आणि त्यातली ३ मिलिमीटर ग्राफाइटी झाली. उरले ५ मिलिमीटर सकस बीड. आतल्या पाण्याचा दाब पेलण्याची नळाची ताकद जाडीच्या प्रमाणात असते, म्हणून ती आठास पाच, म्हणजे सुमारे ६२ टक्के उरते. सपाट भाग वाकवला जात असेल, तर त्याची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. चौसष्टास पंचवीस, म्हणजे ४० टक्क्यांच्याही खाली. फ्लँज, पाया आणि पंपाचे कान वाकण्याच्या ताणाखाली असतात आणि आधी तेच तुटतात, त्यामागचे एक कारण हे आहे. बाहेरून मोजणाऱ्याला जाडी ८ मिलिमीटरच दिसते. शिवाय क्षरण सर्वत्र सारखे होत नाही. जिथे खड्डा खोल जातो तिथे आणखी एक गोष्ट घडते. लहान खाचांना करडे बीड फारसे जुमानत नाही, कारण चकत्यांच्या रूपाने त्याच्या अंगात हजारो खाचा आधीच आहेत. खड्डा चकत्यांच्या लांबीपेक्षा कित्येक पट मोठा झाला की मात्र तोच सगळ्यांत मोठी चीर ठरतो आणि तुकडा त्या जागी तडकतो. अशा वेळी लोक म्हणतात की बीड ठिसूळ झाले. वस्तुतः ते पहिल्याइतकेच ठिसूळ असते. त्याचे अंग मात्र आतून कमी झालेले असते.

हे सारे किती वेगाने होते ते पाण्यावर ठरते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून झिरपलेले भूजल सामान्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियम बायकार्बोनेटचे, जड आणि किंचित अल्कधर्मी असते. असे पाणी धातूवर चुन्याचा पातळ थर चढवते. विहिरीच्या पंपात आणि इंजिनाच्या जॅकेटमध्ये जमणारा पांढरा क्षार पाण्याची वाट अडवतो म्हणून त्रासाचा वाटतो, पण बिडाला तो पांघरुणासारखा झाकतो. पाणी चुना सोडेल की उलट असलेला थर विरघळवून टाकेल, हे ठरवण्यासाठी विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ मध्ये मांडलेला निर्देशांक आजही वापरतात. पश्चिमेच्या डोंगरातले पावसाळी ओढ्यांचे आणि धरणांच्या वरच्या अंगाचे पाणी मऊ असते. त्यात क्षार थोडे, त्यामुळे राखणारा थर बसत नाही आणि विरघळलेला ऑक्सिजन भरपूर. पिण्याला गोड असलेले हेच पाणी बिडाला अधिक खाते. पूर्वेच्या बागायती पट्ट्यात पाणी पुन्हा बदलते. कालव्याचे पाणी, रासायनिक खते आणि उन्हाळ्यातले बाष्पीभवन यांमुळे विहिरींत क्लोराइड व नायट्रेट वाढते. क्लोराइड वाढले की पाणी वीज अधिक सहज वाहून नेते आणि लोखंड-ग्राफाइटचा घट जोरात चालतो. द्राक्ष आणि टोमॅटोच्या बागांतून आणखी एक नवी सवय आली आहे. ठिबकच्या नळ्यांत साचलेला क्षार काढण्यासाठी आम्ल सोडतात. ते पंपाच्या पुढे व्हेंचुरीतून सोडले तर बिडाला त्याचा स्पर्श होत नाही. पंपाच्या सक्शनमधून ओढले, तर काही तासांचे आम्ल अनेक महिन्यांच्या साध्या पाण्याइतके बीड खाऊ शकते.

पंपाचे सर्वांत मोठे नुकसान अनेकदा तो बंद असताना होते. पावसाळ्यात पाणी उपसण्याची गरज नसते आणि मोनोब्लॉक पंप तीन-चार महिने तसाच उभा राहतो. बॉडीत अडकलेले पाणी आधी ऑक्सिजन संपवते, मग त्यात जीवाणूंची क्रिया सुरू होते. इम्पेलर आणि वेअर रिंग यांच्यातल्या बारीक फटीत गंज भरतो. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, त्यामुळे दोन्ही भाग जाम बसतात. दसऱ्याच्या सुमारास बटण दाबले की मोटर गुणगुणते आणि फिरत नाही. मग शाफ्टला पाना लावून जोर दिला जातो आणि इम्पेलर तडकतो. पावसाळ्यापूर्वी पंपाच्या बुडाचा प्लग काढून पाणी सोडून देणे आणि शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवणे एवढ्या दोन कामांनी हे टळते. प्लग फिरवायला एक मिनिट लागते, तरी हे काम राहून जाते, याची खंत वाटते.

जुन्या बॉडीत नवा इम्पेलर टाकला की तो पहिल्यापेक्षा फार लवकर जातो, असा अनुभव पंपदुरुस्तीच्या दुकानांत सर्रास ऐकू येतो आणि दोष नव्या ओतकामाला दिला जातो. कारण बहुधा वेगळे असते. जुन्या बॉडीचा आतला पृष्ठभाग ग्राफाइटी झालेला असतो, म्हणजे विद्युत् रसायनाच्या दृष्टीने ती आता लोखंडाची बॉडी उरलेली नसते. ती ग्राफाइटची मोठी पाटी झालेली असते, आणि तिच्या शेजारचा नवा, चकचकीत इम्पेलर हा एकटा झिजणारा धातू ठरतो. मोठा कॅथोड आणि छोटा अ‍ॅनोड ही क्षरणातली सर्वांत वाईट जोडी आहे. ग्राफाइटी बॉडीचा पितळेच्या स्लीव्हलाही तोच उपद्रव होऊ शकतो, हे अधिक खाऱ्या पाण्यात अनुभवास येते.

पाण्याची नुसती रासायनिक क्रियाच नव्हे, त्याची गतीही बिडाला मारते. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचावर आहे. समुद्रकाठी हवेचा दाब पाण्याचा साधारण १०.३ मीटरचा स्तंभ पेलतो; इथे तो ९.५ मीटरच्या आसपास राहतो. नळातले घर्षण, पाण्याची वाफ आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली की व्यवहारात सहा-साडेसहा मीटरपेक्षा खोलवरून पाणी ओढता येत नाही. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली जाते, धरणाचे पाणी काठापासून दूर सरकते. पंप खाली उतरवला नाही, तर इम्पेलरच्या तोंडाशी पाण्यात कमी दाबाने बुडबुडे उठतात आणि पुढे दाब वाढताच ते कोसळतात. प्रत्येक कोसळता बुडबुडा धातूवर सूक्ष्म घण मारतो. पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येतो आणि काही महिन्यांत इम्पेलर मधाच्या पोळ्यासारखा होतो. गंजाचा नाजूक थर पुन्हा पुन्हा उडत राहिल्याने क्षरण आणि आघात एकमेकांना साथ देतात. पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यातली वाळू तिसरा साथीदार.

लाइट जाते तेव्हाचा प्रकार वेगळा असतो. उपशाच्या लांब, चढत्या नळातला पाण्याचा लोंढा अचानक थांबतो, मागे फिरतो आणि फूटव्हॉल्व्ह किंवा रिफ्लक्स व्हॉल्व्ह धाडकन मिटवतो. निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, लोखंडी नळात सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे पाणी एकदम थांबले की दाब दहा ते बारा बारने उसळतो. म्हणजे शंभर-सव्वाशे मीटर उंचीच्या पाण्याचा भार क्षणभर वाढतो. लवचीक धातू असा धक्का थोडे ताणून पचवतो. करड्या बिडाला ती सोय नाही, त्यामुळे व्हॉल्व्हची बॉडी किंवा पंपाचे तोंड कडकन फुटते. प्लास्टिकच्या नळात भिंत फुगत असल्याने उसळी निम्म्याहूनही कमी राहते, आणि उपसा योजनांत प्लास्टिक आल्यापासून बिडाचे हे फुटणे कमी होण्यामागे हेही एक कारण आहे.

उष्णता आणि पाणी एकत्र आले की बीड सर्वांत नाट्यमय रीतीने तुटते. खेडोपाडी वीज पोहोचण्यापूर्वी विहिरींवर ऑइल इंजिने होती. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्याच्या खडकीत स्थापन झाली आणि पुढे तिची इंजिने महाराष्ट्रभर शेतावर दिसू लागली. पंपाचेच पाणी इंजिनाच्या जॅकेटमधून फिरवून ते थंड ठेवायची रीत होती. पंपाने पाणी सोडले की इंजिन कोरडे तापायचे, आणि ते लक्षात येताच घाईने गार पाणी ओतले की हेडला तडा जायचा. बीड प्रत्येक अंशाला लांबीच्या सुमारे ११ दशलक्षांश आखडते आणि त्याचा स्थितिस्थापक गुणांक १०० गिगापास्कलच्या आसपास असतो. पृष्ठभाग एकदम २०० अंशांनी थंड झाला आणि आतला गरम भाग त्याला आखडू देईना, तर २२० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताण तयार होतो. एफजी २०० बिडाची मर्यादा एवढ्यात ओलांडली जाते. चुलीवरच्या तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी टाकले की तो फुटतो, त्यामागचे गणित हेच. मात्र तव्याला ओला ठेवल्याने चढलेला तांबूस गंज निव्वळ वरवरचा असतो. घासून, तापवून, तेलाचा हात फिरवला की तवा पूर्ववत होतो आणि त्याच्या ताकदीत मोजण्याजोगा फरक पडत नाही. थंड देशांत नळात पाणी गोठून बीड फुटते. जुन्नरच्या हिवाळ्यात ती वेळ येत नाही.

जमिनीत पुरलेल्या नळांचा इतिहास बिडाच्या बाजूने बोलतो. फ्रान्समध्ये व्हर्सायला पाणी नेण्यासाठी सतराव्या शतकात घातलेले बिडाचे नळ तीनशेहून अधिक वर्षे चालले. मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये बिडाच्याच नळातून पोहोचले. म्हणजे पाण्याचा संसर्ग एवढ्यानेच बीड संपत नाही. भोवतालची माती अनुकूल असावी लागते. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत नळ पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. नदीकाठची काळी जमीन मात्र त्याच्यावर दोन बाजूंनी येते. ओली असताना ती हवा अडवते आणि वीज चांगली वाहू देते, त्यामुळे ग्राफाइटी क्षरणाला पोषक ठरते. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि पुरलेला नळ तुळईसारखा वाकवते. आधीच पातळ झालेला लहान व्यासाचा नळ मग आडवा, बांगडी तुटावी तसा गोल तुटतो. पहिल्या पावसानंतर गावच्या योजनेत अशा गळत्या निघतात, तेव्हा नळाबरोबर त्या जागची मातीही पाहिली पाहिजे.

हापशाची हकीकत या विषयात महाराष्ट्राची स्वतःची आहे. १९६०च्या दशकात खेड्यांत बसवलेले हातपंप मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या घरगुती नमुन्यांवर ओतलेले बिडाचे होते. एका कुटुंबासाठी योजलेला पंप शंभर घरे दिवसभर चालवू लागली. दांड्याच्या खिळी झिजल्या, ठोके बसू लागले आणि बिडाचे कान तुटले. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कार्यकर्त्यांनी बिडाचे डोके टाकून पोलादाचे, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचे पंप तयार केले. सोलापूरच्या नमुन्यावरून १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडिया मार्क टू हापसा आकाराला आला. त्यात बिडाला हाकलून दिलेले नाही, त्याची जागा बदललेली आहे. ठोके खाणारे डोके पोलादाचे, आणि पाण्यात बुडालेला, ठोके न बसणारा सिलिंडर बिडाचा, आत पितळी अस्तर घातलेला. ठिसूळ धातूला धक्क्यापासून दूर आणि पाण्यात ठेवण्याची ही वाटणी या सगळ्या विषयातला सर्वांत समंजस निर्णय म्हणावा लागेल. पश्चिमेच्या ठाकर आणि महादेव कोळी वाड्यांत आजही याच जातीचे हापसे दिसतात.

ऊस गाळणारे रूळ हा याहून वेगळा मामला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने या तालुक्यांत आहेत. कारखान्यांच्या मिलमध्ये पोलादी दांड्यावर भरड दाण्याच्या करड्या बिडाचे कवच चढवतात, कारण बिडाची खरबरीत पाठ उसाला पकड देते. ताजा रस पाच-साडेपाच सामूचा, म्हणजे आम्लधर्मी असतो. तो ग्राफाइटभोवतीचे लोखंड खातो आणि ऊस ते घासून नेतो. इथे क्षरणाने पाठ खरबरीत राहते, आणि मर्यादेत असेल तोवर हे कामाचेच असते. हंगाम संपल्यावर रूळ धुवून कोरडे ठेवले नाहीत, तर मात्र आंबलेल्या रसाने खोल खड्डे पडतात.

भाग अजून सकस आहे की आतून गेला आहे, हे ओळखायच्या जुन्या खुणा आजही कामाच्या आहेत. सुटा केलेला तुकडा टांगून हातोडीने हलके ठोकला की सकस बीड खणखणीत वाजते. तडा गेलेले किंवा आतून सडलेले बद्द वाजते. कानशीने खरवडल्यावर धातूची चमक न दिसता काळी भुकटी हाताला लागली, तर ते ग्राफाइट. त्याच मापाच्या नव्या भागाशी वजन ताडून पाहिल्यास किती लोखंड गेले याचा अंदाज येतो. मोठ्या नळांसाठी अल्ट्रासॉनिक उपकरणाने उरलेली धातूची जाडी मोजतात, पण आधी वरचा मऊ थर खरवडून काढावा लागतो, नाही तर माप फसवे निघते.

बिडाला वेल्डिंग धरत नाही असे म्हणतात. ते अर्धे खरे आहे. भाग सावकाश तापवून, निकेलची कांडी वापरून आणि राखेत हळूहळू निववून सकस बिडाचा तडा सांधता येतो. पितळी ब्रेझिंगही चालते. ग्राफाइटी झालेल्या भागात मात्र सांधायला धातूच उरलेला नसतो, आणि पाणी प्यालेल्या छिद्रांतून वाफ निघून शिवण फुटते. अशा बॉडीला ठिगळ लावण्यापेक्षा ती बदलणेच योग्य.

बचावाचे उपायही जुने आहेत. एकोणिसाव्या शतकात नळ ओतल्यावर गरम असतानाच डॉ. अँगस स्मिथ यांच्या डांबरी मिश्रणात बुडवत. आज भारतीय मानक ८३२९ नुसार बनणाऱ्या डीआय नळांना आतून सिमेंटचे अस्तर, बाहेरून जस्ताचा थर आणि त्यावर बिट्युमेन असते. सिमेंट पाण्याला अल्कधर्मी ठेवते आणि लोखंड शांत राहते. या नळांच्या बिडाचे ताणबळ किमान ४२० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि लांबण लहान व मध्यम व्यासांना किमान दहा टक्के असते. जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून गावच्या योजनांत जिथे धातूचा नळ लागतो तिथे बहुधा हाच येतो. क्षरण याही बिडाचे होते, पण काळ्या जमिनीने वाकवल्यावर तो तुटण्याआधी वाकतो. शेतातल्या पंपाची बॉडी मात्र अजून बहुतांशी करड्या बिडाचीच आहे. कोल्हापूर, सांगली आणि बेळगावच्या फाउंड्रींतून ती ओतून येते, आणि जुनी झाली की भंगारातून पुन्हा त्याच भट्ट्यांकडे जाते. वितळवताना त्यातला ग्राफाइटी भाग मळी होऊन वर तरंगतो आणि उरलेल्या लोखंडातून नवी बॉडी ओतली जाते.